नजरेची सवय होते का? मालिकेत काम करणाऱ्या एका तरुणीच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : एका मराठी वाहिनीवरील दैनंदिन मालिकेत तुम्ही मोठ्या जावेची, म्हणजे प्रेक्षकांना राग यावा अशीच भूमिका करता, आईवडील आणि धाकटा भाऊ यांच्यासह लालबागच्या एका चाळीत राहता, आणि मालिकेने जम बसवल्यापासून भाजी घेताना कोणीतरी न विचारता व्हिडिओ काढतो, लोकलच्या महिला डब्यात अनोळखी बायका मालिकेतल्या वागण्याबद्दल सुनावतात, आणि तुमच्या घरी कोण आले, कोण गेले, हे चाहत्यांच्या पानांवर दुसऱ्या दिवशी वाचायला मिळते. त्यातच साखरपुडा ठरला आहे आणि तो गाजावाजा न होता पार पडावा अशी होणाऱ्या नवऱ्याची इच्छा आहे. या सगळ्याची सवय होते का, घर बदलावे का, की कामच सोडावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी मुंबईत कलाकारांच्या जनसंपर्काचे आणि व्यवस्थापनाचे काम करते. वृत्तपत्राच्या पुरवणीला फोटो आणि मजकूर वेळेत पोहोचवला की प्रसिद्धी झाली, असे मानले जाई तेव्हापासून मी या धंद्यात आहे. कायद्याबद्दल पुढे जे लिहिले आहे ते वकिलांबरोबर बसून, अर्ज-तक्रारींचे मसुदे करताना कळलेले आहे. प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी वकिलाला विचारावे हे उत्तम.

सवय होते का, याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. लोक आपल्याकडे पाहतात याची सवय होते, आणि बहुतेकांना ती वर्ष-दीड वर्षात होते. मात्र आत्ता या क्षणी कोणी पाहत आहे की नाही, हेच न कळण्याची सवय कोणालाही झालेली मी पाहिलेली नाही. तुम्ही लिहिले आहे की रात्री गॅलरीत केस विंचरायला उभे राहतानाही समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे लक्ष जाते. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या एका वाक्यात आहे. माणसाला दिवसातून काही वेळ आणि घरातील काही जागा अशी लागते, जिथे आपल्याला कोणी पाहत नाही याची खात्री असते. तुमची ती खात्री गेली आहे. प्रसिद्धी कमी झाल्याने ती परत येईलच असे नाही, आणि प्रसिद्धी टिकवूनही ती बऱ्याच अंशी परत मिळवता येते.

चाळीत वाढलेल्या मुलीला नजरेची भीती का वाटावी, असे तुमच्या वडिलांनी विचारल्याचे तुम्ही लिहिले आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्यांना समजावून सांगण्यासारखे आहे. चाळीत सामाईक गॅलरी असते, दार दिवसभर उघडे असते, कोणाकडे पाहुणे आले आणि कोणाकडे भांडण झाले हे चहा उकळायच्या आत मजल्यावर कळलेले असते. पण तिथे जी काकू तुम्हाला पाहते, तिला तुम्हीही पाहत असता. तिच्या मुलाचे निकाल, तिच्या नवऱ्याची नोकरी, तिच्या सुनेचे माहेरी जाणे तुम्हाला ठाऊक असते, आणि म्हणून तिच्या बोलण्याला एक मर्यादा राहते. शिवाय ती जे पाहते ते तिच्या आठवणीत राहते आणि आठवणीतून निघूनही जाते. बाजारात मोबाइल वर धरलेल्या माणसाबद्दल तुम्हाला काहीच माहीत नसते, तो उद्या भेटणार नसतो, आणि त्याने टिपलेले वीस सेकंद वर्षानुवर्षे कोणाच्याही हाती लागू शकतात. पाहणारा एकीकडे आणि पाहिला जाणारा दुसरीकडे, ही एकतर्फी स्थिती माणसाला थकवते. चाळीची नजर त्रासदायक असली तरी ती देवघेवीची आहे, आणि पुढे आपण तिचा उपयोगही करून घेणार आहोत.

उपायांकडे वळण्यापूर्वी, कोणत्या गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत ते सांगते. तुमच्या करारात प्रसिद्धीबद्दल काय लिहिले आहे, घर तुमच्या मानधनावर चालते का, पुढे चित्रपटात जायचे आहे की मालिकेतच राहायचे आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या बघ्यांमध्ये एखादा माणूस पुन्हा पुन्हा दिसतो का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी खालचा कायद्याचा भाग वाचा. कारण गर्दीचे कुतूहल आणि एका माणसाचा पाठलाग या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना एकाच मापाने मोजण्यात धोका आहे.

आता घरापासून सुरुवात करू, कारण माझ्या अनुभवात खासगी माहिती बाहेर जाण्याचा मोठा मार्ग घरातूनच निघतो. कोणी दगाबाजी करते असे मला म्हणायचे नाही. आई कौतुकाने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात फोटो टाकते, मावसबहीण तो स्टेटसला ठेवते, तिच्या मैत्रिणीकडून तो चाहत्यांच्या पानावर जातो. माझ्याकडे नवा कलाकार आला की मी त्याला एक काम देते : गेल्या महिन्यात आपल्याबद्दल जी जी खासगी गोष्ट बाहेर आली ती एका कागदावर लिहायची आणि तिच्यासमोर ती गोष्ट कोणाकोणाला माहीत असू शकत होती त्यांची नावे लिहायची. कागद पूर्ण झाला की दोन-तीन नावे वारंवार आलेली दिसतात. त्या माणसांशी भांडू नये. त्यांना काय टाकले तर चालेल हे स्पष्ट सांगावे, म्हणजे काय चालणार नाही हे सांगणे सोपे जाते. तुमच्या आईने गौरीच्या आराशीचा फोटो टाकावा, पण त्यात दारावरील खोली क्रमांक आणि पाहुणे नसावेत, इतकी साधी ती बोलणी असतात.

धाकटा भाऊ रील करतो असे तुम्ही लिहिले आहे. त्याच्याशी मात्र जरा कडक बोलावे लागेल. एका अभिनेत्रीने, जिचे काम मी तेव्हा पाहत असे, स्वयंपाकघरात चहा करतानाचा छोटा व्हिडिओ टाकला होता. पत्ता कुठेही नव्हता. पण ओट्यामागील खिडकीतून मेट्रोचा पूल, त्याला लागून असलेला एका दवाखान्याचा फलक आणि समोरच्या इमारतीची निळी पाण्याची टाकी दिसत होती. संध्याकाळी दोन मुलगे फुलांचा गुच्छ घेऊन इमारतीच्या फाटकाशी उभे होते, आणि त्यांनी वॉचमनला मजलासुद्धा बरोबर सांगितला, कारण खिडकी पुलाच्या किती वर आहे यावरून त्यांनी तो काढला होता. ते बिचारे सज्जन होते. नेहमी सज्जनच येतील याची हमी कोणी द्यावी? म्हणून घरातील चित्रीकरण एकाच कोऱ्या भिंतीसमोर करावे, खिडकी चौकटीत घेऊ नये, आणि बाहेर गेल्यावर ठिकाणाचा व्हिडिओ तिथून निघाल्यानंतर टाकावा. भावाला हेच नियम लागू आहेत, कारण त्याच्या रीलमागे दिसणारे घर तुमचेच असते.

खिडकीचा विषय निघालाच आहे तर पडद्याबद्दल सांगते, कारण यात फार जण फसतात. पातळ, जाळीदार पडदा दिवसा काम करतो. बाहेर उजेड आणि आत अंधार असतो तोवर बाहेरच्याला आतील दिसत नाही. संध्याकाळी घरात दिवा लागला की गणित उलटते आणि तोच पडदा आरपार होतो. काचेला लावायच्या आरशासारख्या फिल्मचेही तसेच आहे, विकणारा हे सांगत नाही इतकेच. रात्रीसाठी जाड कापडाचा दुसरा पडदा लागतो, आणि एकदा दिवा लावून, समोरच्या गॅलरीत जाऊन स्वतःच्या खिडकीकडे पाहून यावे लागते. ही तपासणी केल्यावर माझ्याकडच्या एका मुलीला आठवड्यात झोप लागू लागली, आणि मी तरी यात काही आश्चर्य मानत नाही.

मोठ्या कलाकारांनाही घरातील जागा राखता येत नाही, हे फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वांनी पाहिले. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून आलिया भट्ट यांचे स्वतःच्या दिवाणखान्यातील फोटो काढले गेले, आणि त्यांनी ते समाजमाध्यमावर जाहीरपणे मांडून मुंबई पोलिसांचे लक्ष वेधले. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर 2022 मध्ये, विराट कोहली पर्थच्या हॉटेलात उतरले असताना त्यांच्या गैरहजेरीत खोलीचा व्हिडिओ काढून कोणीतरी पसरवला होता. पहिल्या प्रसंगात दूरवरून रोखलेली लेन्स होती, दुसऱ्यात खोलीत जाऊ शकणारा माणूस होता. तुमच्या बाबतीत मला दुसऱ्या प्रकाराची काळजी अधिक वाटते : ड्रायव्हर, व्हॅनिटीत, म्हणजे सेटवरच्या तयारीच्या गाडीत, ये-जा करणारी मंडळी, पार्सल आणणारा मुलगा, सोसायटीच्या नोंदवहीवर बसणारा वॉचमन. पार्सलवर वडिलांचे नाव घाला, फोन क्रमांकही त्यांचा द्या, आणि कामाचा क्रमांक व घरचा क्रमांक यांची गल्लत होऊ देऊ नका.

यानंतरची गोष्ट आमच्या धंद्यातील लोक सहसा बोलून दाखवत नाहीत. विमानतळावर, जिमबाहेर, खार-वांद्र्याच्या उपाहारगृहाबाहेर कलाकार ‘अचानक’ टिपले जातात, तेव्हा पुष्कळदा छायाचित्रकारांना कोणीतरी कळवलेले असते. याला स्पॉटिंग म्हणतात, आणि ते आमच्यासारखेच लोक घडवून आणतात. त्यात पाप नाही. पण ज्या जागी तुम्ही एकदा छायाचित्रकार बोलावले, ती जागा पुढे तुमची राहत नाही. त्यामुळे मी कलाकारांना सांगते की मंदिर, दवाखाना, माहेर-सासर आणि रोजचा व्यायाम या जागा कधीही स्पॉटिंगला देऊ नका, मग एजन्सी कितीही गळ घालो. त्याऐवजी एखादा प्रयोग, प्रीमियर, वाहिनीचा कार्यक्रम किंवा सुपारी, म्हणजे हजेरीचे मानधन, घेतलेला समारंभ द्या आणि तिथे हात आखडता घेऊ नका.

याचे मला माहीत असलेले चांगले उदाहरण जानेवारी 2021 मधील आहे. अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांना मुलगी झाली तेव्हा त्यांनी मुंबईतील छायाचित्रकारांना लेखी विनंती केली की आमचे स्वतःचे लागतील तेवढे फोटो तुम्हाला मिळतील, पण बाळाचे घेऊ नका आणि छापू नका. मुंबईतील छायाचित्रकारांनी ती मोठ्या प्रमाणावर पाळली. विनंतीचा पहिला अर्धा भाग काढून टाकला असता, तर दुसरा टिकला असता असे मला वाटत नाही. समोरच्या माणसाचे पोट ज्या फोटोवर चालते, त्याला नुसता नकार देऊन भागत नाही. त्याला कुठे मिळेल हे सांगावे लागते.

हेच तत्त्व रस्त्यावरील प्रेक्षकालाही लागू पडते. मराठी रंगभूमीवर प्रयोग संपल्यावर प्रेक्षक रंगपटात भेटायला येतात ही जुनी रीत आहे. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरात तुम्ही ती पाहिली असेल. लोक रांगेने येतात, दोन शब्द बोलतात, फोटो घेतात, आणि दाराशी उभा असलेला माणूस ‘चला, कलाकारांना निघायचे आहे’ म्हणाला की सगळे राग न मानता निघतात. तिथे भेटीला जागा आहे, वेळ आहे आणि शेवट आहे. मालिकेच्या कलाकाराला असा रंगपट नसतो, म्हणून प्रेक्षक बाजारात आणि डब्यात तो शोधत राहतो. तेव्हा तुम्ही एक नेमकी जागा निर्माण करा. महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी थेट प्रक्षेपण करून प्रश्नांना उत्तरे द्या, किंवा चाळीच्या गणपतीत एक संध्याकाळ लोकांना भेटण्यासाठी ठेवा. मग इतर वेळी ‘आत्ता नको, त्या दिवशी नक्की या’ असे म्हणता येते, आणि त्या नकाराला उद्धटपणाचा वास येत नाही. (उत्सवाच्या दहा दिवसांत लालबागमध्ये राहून बाकी वेळ निवांतपणा मिळवण्याचा विचार मात्र सोडून द्या. दर्शनाच्या रांगा तुमच्या दारावरून जातात. त्या काळात मावशीकडे राहायला जावे.)

प्रत्यक्ष प्रसंगी काय बोलावे, हेही आधी ठरवून ठेवावे लागते. कोणी व्हिडिओ काढताना दिसला तर तोंड फिरवून भरभर चालू नका. कारण मग पाठ दाखवणारा व्हिडिओ ‘हिला गर्व चढला’ अशा मथळ्याने फिरतो. थांबा, त्याच्याकडे पाहा आणि म्हणा, ‘दादा, व्हिडिओ नको, फोटो काढू या, मग मला जाऊ द्या.’ बहुतेक लोक ओशाळतात आणि मोबाइल खाली घेतात, कारण आपण पकडले गेलो असे त्यांना वाटते. एक फोटो झाला की ‘बरं, येते’ म्हणून निघावे आणि पुन्हा थांबू नये. आई बरोबर असेल तर हे बोलण्याचे काम आईला देऊ नका. तिला रागावलेले टिपणे कॅमेऱ्याला फार आवडते.

ओळख लपवून फिरण्यावर माझा फारसा विश्वास नाही. सचिन तेंडुलकर खोटी दाढी आणि चष्मा लावून मित्रांबरोबर मुंबईत चित्रपट पाहायला गेले होते आणि मध्यंतरात ओळखले गेले, हा किस्सा त्यांनी स्वतः सांगितला आहे. मुंबईत मोकळेपणाने गाडी चालवण्यासाठी ते अवेळी, रस्ते रिकामे असताना बाहेर पडत, हेही सर्वांना ठाऊक आहे. वेश बदलण्यापेक्षा वेळ बदलणे अधिक उपयोगी पडते. तुमचे चित्रीकरण गोरेगावला असते, कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ, सकाळची असते. दादरला गाडी बदलताना होणारा त्रास टाळायचा असेल तर आधीची, कमी गर्दीची लोकल धरा आणि सेटवर जाऊन झोप काढा. निर्मिती संस्थेकडे येण्या-जाण्याच्या गाडीची मागणी करायलाही हरकत नाही. मालिका चांगली चालत असताना ती मान्य होते, टीआरपी घसरला की तीच मागणी नखरे ठरते.

डब्यात बायका जावेच्या कारस्थानांबद्दल सुनावतात, त्याबद्दल मी थोडक्यातच लिहिते. त्या तुमच्याशी बोलत नसतात, त्या पात्राशी भांडत असतात, आणि हसून ‘काकू, मलाही ती आवडत नाही’ असे म्हटले की निम्म्याहून अधिक जणी शेजारी बसवून घेतात. कोणी अंगाला हात लावला तर मात्र हसू नका. पुढच्या स्थानकावर उतरून रेल्वे पोलिसांकडे जा.

आता कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा अनुच्छेद 21 अंतर्गत मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला, हे अनेकांना माहीत असते आणि म्हणून ते ‘माझा मूलभूत अधिकार आहे’ असे व्हिडिओ काढणाऱ्याला ऐकवतात. पण मूलभूत अधिकार प्रामुख्याने शासनाविरुद्ध बजावता येतो. शेजाऱ्याविरुद्ध किंवा अनोळखी माणसाविरुद्ध कोणता ना कोणता साधा कायदा हाताशी लागतो. त्याही आधी, सर्वोच्च न्यायालयाच्याच 1994 च्या राजगोपाल निवाड्यात, माणसाचे कुटुंब, विवाह, मातृत्व, शिक्षण याविषयी त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही असे न्यायालयाने म्हटले होते. मात्र सार्वजनिक अभिलेखात जे आहे ते, आणि जो स्वतःहून वादात उडी घेतो त्याची बाब, न्यायालयाने वेगळी ठेवली. तुमच्यासाठी यातील बोध असा की समाजमाध्यमावर स्वतः वाद ओढवून घेतल्यावर खासगीपणाचा दावा दुबळा होतो. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, जी माहिती माणसाने स्वतः जाहीर केली आहे ती कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे.

रस्त्यावर, सार्वजनिक ठिकाणी तुमचा साधा फोटो काढणे हा बहुतेक वेळा गुन्हा ठरत नाही, हे कटू असले तरी मान्य करून चालावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम 77 चोरून पाहण्याविषयी आहे, पण त्यातील खासगी कृतीची व्याख्या अरुंद आहे. स्नान, कपडे बदलणे, शौचालय अशा प्रसंगांना ते लागू पडते. गॅलरीत केस विंचरण्याला ते लागू पडेल असे धरून चालू नका. कलम 78 पाठलागाचे आहे आणि ते तुमच्या अधिक उपयोगाचे आहे. एखादा पुरुष स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यानंतरही पुन्हा पुन्हा मागे येतो किंवा संपर्क साधतो, किंवा तिच्या इंटरनेटवरील वावरावर पाळत ठेवतो, तर तो गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यातील ‘स्पष्ट अनिच्छा’ महत्त्वाची आहे. आपल्याकडे मुलींना दुर्लक्ष करायला शिकवतात. पण जो माणूस वारंवार संदेश पाठवतो त्याला एकदाच, लेखी, ‘मला संपर्क करू नका’ असे उत्तर द्या, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि त्यानंतर एक अक्षरही लिहू नका. पुढचे सर्व संदेश, तारखा आणि त्याला पाहिल्याच्या जागा एका वहीत नोंदवा. पोलीस ठाण्यात ही वही नेली की बोलण्याची सुरुवातच वेगळी होते. तातडी असेल तर 112 आहेच.

खोटे किंवा फेरफार केलेले फोटो, तुमच्या नावाची बनावट खाती यांसाठी प्रत्येक मोठ्या समाजमाध्यम कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. 2021 च्या मूळ नियमांत अशा मजकुरावर कारवाईसाठी 24 तासांची मुदत घातली होती, त्यामुळे तक्रारीची वेळ नोंदवून ठेवण्याला अर्थ आहे. आवाजाची आणि चेहऱ्याची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अरिजित सिंह यांना आणि 2025 मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले आहे. मात्र असा दावा खर्चिक असतो, आणि तुमच्या आजच्या टप्प्यावर मी तो सुचवणार नाही.

टिप्पण्यांबद्दल. मानसशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे; 2000 साली प्रकाशित झालेल्या त्या अभ्यासात विद्यार्थ्यांना ओशाळवाणे वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले, आणि तो जितक्यांच्या लक्षात आला असेल असे त्यांना वाटले, त्याच्या सुमारे निम्म्याच लोकांच्या तो प्रत्यक्षात लक्षात आला होता. लोक आपल्याकडे वाटते तितके पाहत नाहीत, असा दिलासा त्यावरून सर्वसामान्य माणसाला दिला जातो. तो तुम्हाला लागू पडत नाही, आणि घरचे लोक तसा दिलासा देऊ लागले की तुम्हाला एकटे वाटते, हे मी समजू शकते. लोक तुमच्याकडे खरोखर पाहत आहेत. तेव्हा हे मनातून काढून टाकण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा टिप्पण्यांचे काम दुसऱ्याच्या हाती द्या. भावाला किंवा मैत्रिणीला सांगा की धमकी आणि पत्त्याचा उल्लेख एवढेच मला दाखव, बाकी लपव. स्वतः वाचायचेच असेल तर दुपारी, सेटवर, लोकांत बसून वाचा. रात्री अंथरुणात वाचलेली शिवी सकाळपर्यंत सोबत राहते. झोप सतत मोडत असेल, बाहेर पडण्याआधी छातीत धडधडत असेल, किंवा खिडकी बंद आहे का हे पुन्हा पुन्हा तपासावे लागत असेल, तर समुपदेशकाकडे जा. टेली-मानसच्या 14416 या शासकीय क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येते.

घर बदलण्याबाबत माझे मत, तुमच्या अपेक्षेच्या उलट, ‘घाई करू नका’ असे आहे. गोरेगावच्या एखाद्या उंच इमारतीत गेलात तर सामाईक गॅलरी सुटेल. पण तिथे लिफ्टमध्ये कॅमेरा, फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारे ॲप, आणि तुम्हाला फक्त पडद्यावरून ओळखणारे शेकडो रहिवासी असतील. चाळीत तुम्ही आधी कोणाची तरी मुलगी आहात. तुमच्या मजल्यावरच्या दोन वडीलधाऱ्या माणसांना, शक्यतो ज्यांचे सगळे ऐकतात अशांना, घरी चहाला बोलावून सांगा की आमच्याकडे कोण येते हे बाहेर जाते आणि त्याचा मला त्रास होतो. नाव कोणाचेही घेऊ नका. बातमी देणारा बहुधा एखादा शाळकरी मुलगा असतो, त्याला चाहत्यांच्या पानाचे कौतुक असते, आणि अशा काकांनी जिन्यात एकदा हटकले की ते थांबते. हे करूनही तीन-चार महिन्यांत फरक पडला नाही, तर भाड्याने खोली घेण्याचा विचार करा. तीही भाडेकरार वडिलांच्या नावावर करून.

साखरपुड्याबद्दल तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचे म्हणणे मला पूर्ण पटते, कारण ही नजर त्यांनी निवडलेली नाही. पण पूर्ण लपवण्याचा आग्रह धरू नये. लपवलेली बातमी फुटते तेव्हा तिच्याभोवती किटाळ उभे राहते आणि मग लोक त्यांचे नाव, कार्यालय, जुने फोटो शोधून काढतात. समारंभ घरगुती ठेवा, पाहुण्यांना आमंत्रण देतानाच फोटो टाकू नका अशी विनंती करा, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः एक फोटो टाका. त्यांचा चेहरा दिसावा की केवळ दोघांचे हात, हे त्यांनी ठरवावे. वाहिनीच्या प्रसिद्धी विभागाला आदल्या दिवशी कळवा, नाहीतर ते दुखावतात आणि दुखावलेल्या माणसाकडून गोष्टी निसटतात. पुढे मुले झाली तर हीच सीमा आणखी घट्ट करावी लागेल. एप्रिल 2023 मध्ये आराध्या बच्चन या शाळकरी मुलीच्या प्रकृतीविषयी खोटे व्हिडिओ काढून टाकण्यासाठी तिच्या वतीने दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले होते.

राहिला काम सोडण्याचा प्रश्न. तो मी तुमच्या जागी आज सोडवणार नाही, कारण मानधन नव्वद दिवसांनी हाती येते आणि थकलेल्या आठवड्यात घेतलेला निर्णय तीन महिन्यांनी पस्तावायला लावतो. त्याऐवजी कराराची मुदत कधी संपते ते पाहा आणि नूतनीकरणाच्या आधी वकिलाकडून तीन कलमे वाचून घ्या : वैयक्तिक समाजमाध्यम खात्यावर वाहिनीसाठी किती मजकूर टाकावा लागतो, घरी येऊन चित्रीकरण करण्याचा हक्क त्यांना आहे का, आणि सणासुदीच्या कार्यक्रमांना हजर राहण्याची सक्ती किती दिवसांची आहे. घरातील चित्रीकरणाचे कलम काढून मागितले तर सहसा ते देतात; मी अनेकदा काढून घेतले आहे, आणि त्यासाठी मानधनात कपात मागितल्याचे मला आठवत नाही.